मगदूम पेंटर आणि कानडी ओळ

बोर्ड रंगवून झाला की मगदूम पेंटर चष्मा काढून रस्त्यापलीकडे जाऊन उभे राहत आणि डोळे बारीक करून तो वाचत. "अधू डोळ्याला दिसलं, तर अक्षर. न्हाईतर नुसता रंग," म्हणत. मिरजेतल्या कितीतरी दवाखान्यांवर त्यांची अक्षरं होती. मराठी आणि कानडी, एकाच हाताची.

मी रहिमतपूरहून शिकायला आलेलो, तीन पत्रकांचा लेखक. राष्ट्र म्हणजे काय हे मला पक्कं ठाऊक होतं. फक्त भात लावता येत नव्हता. 'एक भाषा, एक रक्त' असा फलक करून घ्यायला त्यांच्याकडे गेलो.

"रगात तपासलंस व्हय?" पेंटर म्हणाले. "समोर लॅब हाय. सकाळी उपाशीपोटी जा."

फलक मात्र सुरेख रंगवून दिला.

त्याच आठवड्यात आम्ही चौघांनी डोळ्यांच्या एका दवाखान्याच्या पाटीवरच्या कानडी ओळीला काळं फासलं. मी चौथं पत्रक लिहिलं. त्यात 'गर्जना' हा शब्द सहा वेळा होता.

दुसऱ्या दिवशी पेंटरांनी दुकानातून हाक मारली, "लेखक, हिकडं ये."

बाकावर सीमेपलीकडून आलेलं म्हातारं जोडपं बसलं होतं. आजोबांच्या डोळ्यावर पट्टी. पाटी वाचता न आल्याने दोघं तासभर त्याच गल्लीत फिरली; तोवर डॉक्टर ऑपरेशनला गेले. आता पुन्हा सोमवारी यायचं होतं.

"यास्नी स्टँडवर सोड," पेंटर एवढंच म्हणाले.

एसटीत चढताना आजींनी माझ्या गालावरून हात फिरवला आणि कानडीत काही म्हणाल्या. कंडक्टरने सांगितलं, "पोरगं चांगल्या घरचं हाय, म्हणत्यात."

परतलो तर पेंटरांनी दवाखान्याच्या पाटीवरचं काळं पुसून, खडूने कानडी अक्षरं आखून ठेवली होती. त्यांनी ब्रश माझ्या हातात दिला.

"मला ही भाषा येत नाही."

"पुसताना येत हुती व्हय? चढ वर. रेघंबाहीर जाऊ नको."

सत्तरीतला माणूस खाली शिडी धरून उभा आणि वर राष्ट्राचा शिल्पकार लटपटतोय, असं ते दृश्य होतं.

मित्रांनी मला फितूर ठरवणारं पत्रक काढलं. वाक्यं माझीच होती, फक्त नाव बदललेलं. मजकूर जोरकस होता, हे कबूल करायला हवं.

पेंटरांना जाऊन आता वर्ष झालं. त्यांची आठवण निघाली की मला तो सोमवार दिसतो. वाट दाखवण्याचं पुण्य पदरात पाडायला मी लवकर जाऊन पाटीखाली उभा होतो. आजी आल्या. त्यांनी वर पाहिलं, माझी वाकडी अक्षरं ओठांतल्या ओठांत वाचली आणि आजोबांचा हात धरून सरळ आत गेल्या. मला काही विचारायची त्यांना गरजच पडली नाही.