बंपरमागची पट्टी

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, देवालाही नाही — देवासमोर उभा राहिलो की मी भलतंच काहीतरी मागून परत येतो. तुला सांगतोय, कारण तू मला ओळखत नाहीस. हे काही फार मोठं धाडस नव्हे, मला ठाऊक आहे.

मी डेंटर आहे. मुलुंडला माझा गाळा आहे, चेपलेला पत्रा सरळ करायचा आणि रंग मारायचा, हा माझा धंदा. हातात कसब आहे असं लोक म्हणतात. पूर्वी ऐकायला बरं वाटायचं.

प्रकाशदादा माझा मावसभाऊ. बत्तीस वर्षं त्याने शहरात बस चालवली, आणि तेवढ्या वर्षांत बसला एक ओरखडा नाही. हे तो लग्नात सांगायचा, बारशात सांगायचा, मयताला गेला तरी सांगायचा. "झालं यांचं सुरू," वहिनी म्हणायची, आणि आम्ही हसायचो. पण खरं सांगू? आम्हा सगळ्यांनाच त्याचा अभिमान होता.

निवृत्त झाल्यावर त्याने एक जुनी गाडी घेतली. सहा गणपती झाले त्याला. चतुर्थीला आठ दिवस असताना ती घेऊन माझ्याकडे आला. "गावाक जातंय. गाडी नवी दिसाक व्हयी रे. तू बघ काय ता."

तुला हा वेडेपणा वाटेल. पण आमच्याकडे गणपतीला गावी जाणारा चाकरमानी कसल्या गाडीतून उतरतो, हे अख्खी वाडी बघत असते. म्हणून श्रावणात माझ्याकडे रांग लागते — जुन्या गाडीला नव्या मॉडेलचं तोंड लावून द्या. बॉनेट, जाळी, दिवे, बंपर. मागून जुनी, पुढून नवी. होतं तसं, नीट केलं तर.

नीट — इथेच मी अडखळतो.

बंपर म्हणजे नुसतं प्लास्टिक. त्याच्या मागे एक आडवी लोखंडी पट्टी असते, धडकेचा पहिला मार ती खाते. दादाच्या गाडीची जुनी पट्टी नव्या बंपरला आतून अडत होती. नवी बसवायची तर तिला गाडीशी धरून ठेवणारे कान नव्याने वेल्ड करायला हवे होते, दोन दिवसांचं काम. आणि दारात अकरा गाड्या, प्रत्येकाला चतुर्थीच्या आत गाव गाठायचं. मी पट्टी काढून टाकली. गणपतीनंतर लावू म्हटलं. कोणाला म्हटलं? स्वतःलाच. दादाला नाही.

आणि बंपर दाबला तर पोकळ लागू नये म्हणून मी त्याच्यामागे टीव्हीच्या खोक्यातला थर्मोकोल भरला. घाईत माणूस चुकतो, मान्य. पण थर्मोकोल कोणी घाईत भरत नाही. तो विचार करून भरावा लागतो.

आमच्यात रिवाज आहे, गाडीतून काढलेला जुना माल गोणीत घालून गिऱ्हाइकाच्या डिकीत ठेवायचा. काय निघालं ते त्याला दिसलं पाहिजे. दादाच्या गोणीत मी सगळं ठेवलं, पट्टी तेवढी भंगारात घातली. त्याने गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, बंपरवर थाप दिली आणि म्हणाला, "झकास!"

महाडच्या अलीकडे पुढचा टेम्पो एकदम थांबला. दादाने ब्रेक मारला, तरी गाडी जाऊन आदळली. तिचं तोंड आत गेलं आणि शेजारी बसलेल्या वहिनीचा गुडघा चिरडला. दोन ऑपरेशनं झाली. आजही ती काठी घेऊन चालते. पट्टी असती तर गुडघा वाचला असता? मला माहीत नाही. मार कमी बसला असता, एवढं नक्की माहीत आहे.

एवढंच असतं तर मी केव्हाच बोललो असतो — असं मी स्वतःला सांगतो. खोटं असेल तेही.

गाडी मीच मुलुंडला ओढून आणली. भाऊ असावा तर असा, नातेवाईक म्हणाले. आणल्या आणल्या मी काय केलं? थर्मोकोलचे तुकडे वेचले. एकूण एक.

दुसऱ्या दिवशी दादा आला. गाडीसमोर उकिडवा बसला, बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "तिसाच्या आत होतंय रे मी. तिसाक गाडी इतकी चेपता काय?"

हे त्याने भाऊ म्हणून विचारलं नव्हतं. डेंटर म्हणून विचारलं होतं. मार बघून वेग सांगणं हे माझंच तर काम. आणि मी पत्र्यावरून हात फिरवला — अगदी जाणकारासारखा — आणि म्हणालो, "नाही दादा. साठ तरी असणार. मार बघ ना."

वाद घालेल असं वाटलं होतं. त्याने घातला नाही. बत्तीस वर्षं स्टिअरिंग धरलेल्या स्वतःच्या हातांपेक्षा त्याने माझ्यावर जास्त विश्वास ठेवला. वहिनीला मुंबईला हलवलं होतं; संध्याकाळी तिथल्या हॉस्पिटलात त्याने तिची माफी मागितली. म्हणाला, "माझीच चूक, साठाक होतंय." मी तिथेच होतो, शहाळं हातात घेऊन. लाज वाटली का? वाटली. बोललो का? नाही.

त्यानंतर त्याने गाडी चालवली नाही. लायसन्सची मुदत संपली, ते वाढवूनही घेतलं नाही. ओरखड्याची गोष्ट कोणत्याच लग्नात निघत नाही. वहिनीचा पाय फार दुखला की ती नुसतं "साठ" म्हणते, आणि दादा उठून गॅलरीत जातो. हे सगळं मी बघतो. त्यांच्याच घरी जेवतो, आणि बघतो.

गेल्या महिन्यात त्याच्या मुलीने, स्नेहाने, गाडी घेतली. दाखवायला गाळ्यावर आणली. दादा मागच्या सीटवर होता, पट्टा लावून. उतरताना तिला म्हणाला, "तुका वाटता तू सावकाश चालवतंस. माका पण तसाच वाटलेला. आपला आपल्याक कळणा नाय. व्हया तर काकाक विचार."

स्नेहाने माझ्याकडे बघितलं.

मी हो म्हणालो.