घडी बदलता न येणारा फोन

दोन हजार चोवीस साल. मला त्र्याहत्तरावं लागलं होतं. दिवाळीला मुलगा पुण्याहून घाटंजीला आला, खिशातून फोन काढला आणि पुस्तकासारखा उघडून माझ्यापुढं धरला.

"बाबा, घडी तुमीच मोडा."

आमच्याकडं घरात नवं कापड आलं की त्याची पहिली घडी मोठ्या माणसानं मोडायची, मग ज्याचं त्यानं अंगाला लावायचं. मी चाळीस वर्षं आठवडी बाजारात सतरंज्या अन् चादरी विकल्या, त्यामुळं या मानाचं मला जरा जास्तच अप्रूप. पण मी हात लावला नाही. उजेडाकडं धरून पाहिलं.

"मधात रेघ काहून दिसते?"

"घडीची आहे, बाबा. वापरताना दिसत नाही."

"मले तर दिसून राह्यली."

मी शिकलो चौथी. पण घडी मला कोणी शिकवू नये. न खपलेली चादर आम्ही महिन्याला उलगडायचो आणि दुसऱ्या जागी घडी घालून ठेवायचो. एकाच जागी मोडत राहिलं की कापड तिथं विरतं. वरून नवंकोरं दिसतं, आणि गिऱ्हाईक झटकायला जातं तर दोन तुकडे.

"याची घडी बदलता येते काय?"

"नाही ना. बिजागरी आहे त्याले. एकाच जागी मोडते."

"मंग हे तिथूनच जाणार."

"कंपनीनं मशीनवर हजारो वेळा मोडून पाह्यला, बाबा!"

"मशीननं मोडला. मशीनले कोनाचा राग येते काय? माणूस रागानं मोडते, घाईनं मोडते."

तो हसला. मग त्यानं त्याच फोनवर दुसऱ्या एका फोनचं चित्र दाखवलं. त्याची काच म्हणे गुंडाळून आत जाते, पाहिजे तेवढी बाहेर ओढायची. मी म्हटलं, हे बरं. गुंडाळीला घडी पडत नाही. पण आतली नळी जाड पाहिजे, बारीक नळीवर गुंडाळलं की तेही चुरमडणार.

"तुमाले कंपनीतच पाठवतो," पोरगं म्हणालं.

"पाठव. तिथल्या सायबाले पयले चादरीची घडी करून दाखव म्हणीन."

मग तो हसायचा थांबला. "हा मी माझ्यासाठी नाही आणला, बाबा. तुमच्यासाठी आणला. काकासाठी."

काका म्हणजे माझा धाकटा भाऊ. दोन वर्षांनी लहान, जन्मापासून ऐकू येत नाही, बोलता येत नाही. आईबापांनी त्याला शाळेत घातलं नाही, मग आम्ही दोघांनी आमची भाषा हातांनी बनवली. तिची अक्षरं बाजारातली. मोठ्या सतरंजीची घडी एकट्यानं होत नाही, दोन टोकं त्यानं धरायची, दोन मी. ताणायची, झटकायची, मग चालत चालत एकमेकांजवळ यायचं, टोकाला टोक लावायचं आणि मी अंगठ्याचं नख दाबून घडीवरून फिरवायचो. त्यामुळं चिमूट वर केली की तिचा अर्थ, टोक धर. पुढं पुढं त्याचाच अर्थ झाला, ये. जत्रेत, बसस्टँडवर, जेवायला बोलावताना, तीच चिमूट. पंजा पुढं केला की थांब. पंजा आडवा हलवला की नाही.

तो लग्नानंतर मारेगावला सासुरवाडीत राहायला गेला. तिथं त्याला काही विचारायचं असलं की मला बोलावणं यायचं. मी त्याची जीभ होतो आणि मला त्याचा गर्व होता, खोटं कशाला सांगू.

अकरा वर्षांपूर्वी त्याच्या पोरीला पाहायला पाहुणे आले. बैठकीत मी आत शिरलो तेव्हा त्यांच्यातलं कोणी उठून उभं राहिलं नाही. ते माझ्या डोक्यात बसलं. पसंती विचारली तेव्हा धाकट्यानं पंजा पुढं केला. थांब. विचार करायला वेळ द्या, एवढंच. मी लोकांना सांगितलं, "नाही म्हणते."

पाहुणे चहा न घेता उठले. मग पुतण्या सगळ्यांसमोर म्हणाला, "मोठेबाबा, माया बाप नाही म्हणाला का तुमी म्हणाले?"

मी म्हटलं, या घराची पायरी चढणार नाही. चपला घातल्या आणि निघालो. धाकटा माझ्यामागं अंगणात आला असं नंतर कळलं. काय खुणावत होता ते माझ्या पाठीला कसं दिसावं? ज्याला हाक मारता येत नाही, त्याच्याकडं पाठ केली की तिथंच सगळं बंद होतं. हे मला तेव्हाही ठाऊक होतं. मी वळलो नाही.

अकरा वर्षं गेली. दिवाळीआधीच्या पावसाळ्यात त्याला लकवा मारला. उजवं अंग गेलं. म्हणजे आमची अर्धी भाषा गेली. मुलानं माझ्या जुन्या फोनवर एकदोनदा चित्राचा फोन लावून दिला, पण माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू आणि ते चित्र काडेपेटीएवढं. शिवाय एका हातात फोन धरला की बोलायला एकच हात उरतो. त्याचा एक लकव्यानं नेला, माझा एक फोननं. तांब्याला टेकवला तर घसरून पडायचा.

हा फोन मुलानं अर्धा उघडा करून स्टुलावर उभा ठेवला. आधाराविना उभा राहिला. माझे दोन्ही हात मोकळे. उन्हं उतरत होती, पुतण्यानं तिकडून उचललं आणि खाटेवरचा धाकटा समोर आला. वीतभर चेहरा. गालाची हाडं, दाढीचे पांढरे खुंट, सगळं दिसलं.

मी हात वर केले. जेवला काय? त्यानं डाव्या हातानं तोंडाला बोटं लावली, मग नाक मुरडलं. सुनेच्या हातच्या भाजीला मीठ नाही. मी हसलो. अकरा वर्षांनी मला माझ्या भाषेत कोणी चुगली सांगितली. त्या पाच-दहा मिनिटांत मी हा फोन बनवणाऱ्यांना मनातून हात जोडले, घडीसकट.

मग मी छातीला हात लावला आणि ती जुनी गोष्ट काढली. पंजा पुढं केला, तो आडवा हलवला, आणि स्वतःच्या तोंडात मारून घेतली. तू थांब म्हणाला होतास, मी नाही सांगितलं. चूक माझी. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. मुलगा शेजारी उभा होता, त्याला काही कळलं नाही.

धाकट्यानं डावा हात उचलला. तो नेमका त्या रेघेवर आला. अर्धी बोटं या पानावर, अर्धी त्या पानावर. मधल्या खाचेत चित्र वाकडं दिसत होतं. चिमूट होती, का पंजा? ये म्हणत होता, का थांब, तिथंच राहा, का नाहीच? मी डोळे बारीक केले, मान तिरपी केली. दिसेना.

मुलानं सांगून ठेवलं होतं, काचेले नख लावू नोका. मी ऐकलंही होतं. पण हाताला कोण सांगणार? माझा अंगठा आपोआप गेला. फोन सपाट दाबला आणि वरपासून खालपर्यंत घडीवरून नख फिरवलं, चाळीस वर्षं फिरवत आलो तसं, जोर देऊन.

रेघ काळी झाली. शाई सांडल्यासारखी पसरली. धाकट्याचा हात गेला, मग चेहरा गेला.

"बाबा!"

मुलानं फोन मिटला. बाहेरच्या बारक्या काचेवर अजून उजेड होता, त्यावर परत लावलं. पुतण्या दिसला, एकटाच.

"कायले कापला, मोठेबाबा? बाबानं भिंतीकडं तोंड केलं. पाहूनच नाही राह्यले."

"कापला नाही रे, बिघडला. त्यानं हात कसा केलता? बोटं मिटली होती का उघडी होती?"

"मले कुठं समजतात तुमच्या खुणा? तुमीच तर सांगत होते सगळ्याईले."

मुलगा रागावला नाही, त्याचंच मला जास्त लागलं. दुरुस्त होते म्हणाला, पंधरा दिवस लागतील, पुण्यालाच पाठवावा लागेल. धाकट्याजवळ पंधरा दिवस आहेत का, हे त्यानं विचारलं नाही, मीही नाही. घडीबद्दल माझं खरं ठरलं होतं. इतकं वाईट खरं माझ्या आयुष्यात दुसरं ठरलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेटीतून एक चादर काढली, बाजार सोडला तेव्हाची उरलेली, घडी न मोडलेली. ती काखेत मारून पहिली एसटी धरली, पांढरकवड्याला गाडी बदलली आणि मारेगावला त्या घराची पायरी चढलो. पुतण्या दारातून बाजूला झाला. धाकटा भिंतीकडं तोंड करून पडला होता. मी खाटेच्या त्या अंगाला भिंतीशी अडचणीत जाऊन उभा राहिलो, त्याच्या डोळ्यांपुढं. डोळे उघडे होते. मी चिमूट वर केली. तो पाहत राहिला, माझ्याकडं का माझ्यामागच्या भिंतीकडं, ते सांगता येत नाही. मग मी चादरीची घडी मोडली आणि एक टोक त्याच्या डाव्या हातात दिलं. बोटं मिटली नाहीत. टोक घसरलं, ते मी परत ठेवलं, आणि माझं टोक धरून उभा राहिलो.