बुटातला गूळ

साताऱ्यात एसटी स्टँडच्या मागे एक माजी सैनिक जुने लष्करी बूट विकायला बसायचा. भर जानेवारीत लडाखला जाऊन गोठलेल्या नदीवरून चालायचं मी ठरवलं होतं, म्हणून सामानाची यादी घेऊन त्याच्याकडे गेलो. प्रत्येक जोड घातला की तो अंगठ्याने बुटाचं टोक दाबून बघायचा. "आणखी एक नंबर मोठा घ्या. दोन-दोन मोजं घालाय लागत्यात." हसताना मात्र तो तोंडापुढे हात धरायचा.

"हौसेनं जाताय व्हय? आमी तिथनं परत यायचं दिस मोजायचो, तुमी जायचं मोजताय."

बूट बांधून देताना त्याने एका बुटात कागदात गुंडाळलेला गुळाचा खडा ठेवला. "घरचं गुऱ्हाळ सुरू झालंय. चौकीवर कुणी जवान भेटला तर द्या. आपल्याकडचा नसला तरी द्या."

मी निघालो, तशी त्याने हाक मारली.

"त्याला सांगा, चावू नगं. तिथं गुळाचा दगड हुतोय."

हसता हसता पहिल्यांदाच त्याने तोंडापुढचा हात काढला. पुढचा एक दात नव्हता.

"माजा तिथंच ऱ्हायलाय."