मिनियापोलिसचे उघडे नळ

‘‘मेश्राम, व्हॉल्व्ह बंद कर. यल्ला, लवकर!’’

यूसुफ सर माझ्या खुर्चीमागे उभे होते आणि मी माउसवर हात ठेवून बसले होते. समोर स्क्रीनवर अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरातली एक इमारत. तिच्या चौथ्या मजल्यावर नऊ फ्लॅटमधून पाणी वाहत होतं. थोडंथोडंच, पण सतत. आमच्याकडे दुपार, तिथे अजून उजाडायचं होतं. राहणारी सगळी म्हातारी माणसं. ती झोपलेली असणार, मग पाणी वापरतंय कोण?

आमचं काम काय ते आधी सांगते. बहरीनमध्ये हिद्दच्या ऑफिसात बसून आम्ही लांबलांबच्या इमारतींच्या पाण्यावर नजर ठेवतो. पूर्वी फक्त इथल्याच झल्लाक किनाऱ्यावरची रिसॉर्ट होती. मग मालकांनी मिनियापोलिसमध्ये वृद्धांसाठी असलेली ही इमारत विकत घेतली आणि तिचं पाणीही आमच्या गळ्यात पडलं. हीटिंग तिथलीच कंपनी बघते. स्क्रीनवर प्रत्येक फ्लॅटची एक रेघ असते. लोक झोपले की रेघ शून्यावर यायला हवी. नाही आली तर कुठेतरी लीक आहे. धंद्यातला हा पहिला धडा. इथे पाणी समुद्रातून काढून गोडं करावं लागतं, त्यामुळे लीक म्हटलं की यूसुफ सरांच्या अंगाचा तिळपापड होतो. माझाही होतो. मी चंद्रपूरची, उन्हाळ्यात टँकरमागे बादली घेऊन धावलेली.

‘‘सर, आधी फोन करते. विचारल्याशिवाय पाणी तोडायचं नाही, हा तुमचाच नियम.’’

‘‘नऊ फ्लॅट एकदम लीक होतायत आणि तू फोन करत बसणार?’’

‘‘नऊ एकदम होतायत म्हणूनच करते.’’

शेजारी शौकतभाई बसले होते. रत्नागिरीचे, माझ्याहून सीनियर ऑपरेटर. त्या दिवशी बहरीनमध्ये सोळा डिग्री होतं म्हणून कानटोपी घालून, मफलर गुंडाळून आलेले. ‘‘कर ताई फोन,’’ ते म्हणाले. ‘‘फार तर शिव्या घालतील.’’

शिव्याच बसल्या म्हणा ना. नऊपैकी एका फ्लॅटला लावलेला फोन मिसेस कार्लसन यांनी पहिल्याच रिंगला उचलला. वय ऐंशीच्या पुढे, आवाज खणखणीत.

‘‘लीक कसलं? नळ मीच सोडलाय. अख्ख्या मजल्याने सोडलाय. तुम्ही पाणी बंद केलंत तर याद राखा!’’

मग त्यांनी सांगितलं ते असं. बाहेर उणे तीस. अमेरिकेतल्या मोठ्या शहरांत कडक थंडीसाठी ज्यांची नावं घेतात त्यांतलं हे एक, त्यामुळे उणे तीसचं त्यांना फारसं नवल नव्हतं. पण त्या मजल्याच्या हीटिंगचा पंप संध्याकाळी बंद पडला होता आणि मेकॅनिक उजाडल्यावर यायचा होता. पाण्याचे पाइप बाहेरच्या भिंतीतून गेलेले. थांबलेलं पाणी गोठतं, गोठलं की फुगतं आणि पाइप फोडतं. वाहतं पाणी सहजी गोठत नाही. म्हणून तिथली माणसं असल्या थंडीत नळाची बारीक धार सोडून झोपतात.

‘‘आणि पाइप फुटला तर?’’ यूसुफ सर वाकून स्पीकरमध्ये बोलले.

‘‘तर मजला रिकामा करायचा. माझा नवरा अंथरुणावर आहे. उठून बसताही येत नाही त्याला. या हवेत त्याला बाहेर कसा नेऊ, तुम्हीच सांगा.’’

सरांनी पुन्हा स्क्रीनवरच्या नऊ रेघांकडे पाहिलं. बाईंना वाटलं, विश्वास बसला नाही. त्यांनी व्हिडिओ लावला आणि फोन बाल्कनीच्या बंद दाराजवळ नेला. दाराच्या पट्टीवर लोखंडी स्क्रू होते आणि प्रत्येक स्क्रूवर बर्फाचा पांढरा ठिपका. आतल्या बाजूला! घरात! मग त्यांनी ओठावर बोट ठेवलं. ‘‘ऐका.’’ भिंतीतून ठाप्पकन आवाज आला. मी खुर्चीतच दचकले.

‘‘घर आखडतंय थंडीने,’’ बाई म्हणाल्या. ‘‘रोजचंच आहे.’’

अरे बाप्पा! अठ्ठेचाळीस डिग्रीत वाढलेली बाई मी. ऊन माणसाला आडवं करतं हे मला ठाऊक होतं. पण हवा अख्ख्या इमारतीला आवळते, आणि तिच्या आत एक म्हातारी नुसता स्वेटर घालून, हातात कॉफीचा मग घेऊन उभी राहते, हे मी पहिल्यांदा पाहिलं. मला त्या बाईंपुढे हात जोडावेसे वाटले. शौकतभाईंनी कानटोपी काढून हळूच खिशात घातली.

‘‘खलास, संपला विषय,’’ यूसुफ सर म्हणाले. ‘‘व्हॉल्व्हला हात लावू नकोस.’’

मी माउस सोडते न सोडते तोच सर ओरडले, ‘‘ती रेघ खाली का आली?’’

नऊतली एक रेघ शून्यावर आली होती. शून्य पाहून घाबरलेले यूसुफ सर मी त्याआधी कधी पाहिले नव्हते. तो फ्लॅट मिसेस कार्लसन यांच्या शेजारचा, मिस्टर ओल्सन यांचा. मधली भिंत एकच, आणि बाई म्हणाल्या, तिला लागूनच कार्लसन आजोबांचा पलंग. तिथे पाइप फुटला तर पाणी आधी त्यांच्याकडेच शिरणार.

ओल्सन कानाने कमी, फोन उचलेनात. बाईंकडे त्यांची किल्ली होती. आम्हाला फोनवर घेऊनच त्या निघाल्या. आत ओल्सन झोपलेले, नळ उघडा, पाणी नाही. धार फारच बारीक ठेवली होती. बाईंनी सिंकखालच्या कपाटाचं दार उघडलं, पाइपला हेअर ड्रायर लावला आणि आम्हाला कामाला लावलं.

‘‘इथे सिंकखाली वाकून मला नळ दिसणार नाही. तुम्ही रेघ बघा. पाणी हललं की सांगा.’’

आम्ही तिघं डोळे फाडून बघत बसलो. रेघ हलेना. गप्प बसवेना म्हणून बाईंनी विचारलं, ‘‘तुमच्याकडे नळांना असा त्रास नाही?’’

‘‘उलटा आहे,’’ मी म्हटलं. ‘‘उन्हाळ्यात गच्चीवरची टाकी तापते, गार पाण्याच्या नळाला चटका देणारं पाणी येतं. मग आम्ही गीझर बंद ठेवतो आणि त्यात निवलेल्या पाण्याने आंघोळ करतो.’’

‘‘गार पाण्यासाठी गीझर?’’ बाई हसत सुटल्या. ‘‘आणि तिथे तुम्ही राहता? कमाल आहे तुमची!’’

कमाल म्हणे आमची! मी उत्तर देणार तोच रेघ थरथरली. शून्यावरून किंचित वर आली, परत खाली गेली, आणि मग वरच राहिली.

‘‘हललं! हललं!’’ आम्ही तिघं तीन भाषांत ओरडलो. पलीकडून बाईंचा आवाज आला, ‘‘कळलं, कळलं. ओल्सन जागा झाला, इतके ओरडलात.’’ ‘‘आता घरी जाऊन नवऱ्याला बघते. थँक यू.’’

उजाडल्यावर मेकॅनिक आला, पंप चालू झाला. मजला उबदार झाला तसे लोकांनी नळ बंद केले आणि रेघा एकेक करून शून्यावर गेल्या. कोणालाच बाहेर न्यावं लागलं नाही.

पुढच्याच दिवशी आम्ही त्या इमारतीचं सेटिंग उलटं केलं. कडाक्याच्या थंडीत पाणी वाहिलं तर शांतता, थांबलं तर अलार्म. नियम पाठ असून भागत नाही, तो कुठल्या हवेसाठी केला होता तेही विचारावं लागतं.

यूसुफ सर इथल्या ठिबकणाऱ्या नळावर अजूनही डाफरतात. पण तिकडे कडाका पडला की ऑफिसात शिरताना त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. ‘‘मेश्राम, कार्लसन आजींच्या मजल्यावर पाणी वाया जातंय ना?’’

मी म्हणते, ‘‘नऊच्या नऊ नळ, सर.’’

‘‘अल्हमदुलिल्लाह,’’ म्हणतात आणि चहा मागवतात.