चंदनबालेचं ‘अनबेअरेबली’

चंदनबाला पाटील मूळची तासगावजवळच्या खेड्यातली, जैन शेतकऱ्याची लेक. इंग्रजी घेऊन बी.ए. झाली, लग्न होऊन सांगलीत आली आणि मुलं शाळेला लागल्यावर एका खासगी दवाखान्यात केसपेपर काढायच्या टेबलावर बसली. त्याला आता अकरा वर्षं झाली.

तीन वर्षांपूर्वी तिथं केरळच्या एक सर्जन मॅडम आल्या. मराठीचा गंध नाही. त्यांनी पद्धत घालून दिली की, पेशंटची तक्रार चंदनबालेनं केसपेपरवर एका ओळीत इंग्रजीत लिहायची. ती ओळ वाचून मॅडम कुणाला आधी आत घ्यायचं ते ठरवणार.

चंदनबालेला हुरूप आला. पेशंट सांगायचे, “लय दुखतंय.” त्या ‘लय’ला ‘व्हेरी’ पुरायचं नाही असं तिला वाटे. मग कॉलेजात पाठ केलेले जड जड शब्द बाहेर निघाले. गुडघा ‘अनबेअरेबली’ दुखायचा, कंबर ‘इनटॉलरेबली’, आणि नखुरडं झालेलं बोट ‘एक्सक्रूशिएटिंगली’. इतकी वर्षं पडून राहिलेलं शिक्षण कामाला आलं, याचा तिला मनातून आनंदही होता.

एके दुपारी मॅडमनी तिला आत बोलावलं. सकाळचे केसपेपर टेबलावर पसरून त्यांनी शांतपणे विचारलं, “सगळ्यांचंच असह्य असेल, तर ज्याचं खरंच असह्य झालंय त्याला मी ओळखू कसं?”

चंदनबालेचे कान तापले. लोकच तसं सांगतात, असं तिला म्हणता आलं असतं. पण तिनं केसपेपर गोळा केले आणि ती बाहेर आली. घरी नवऱ्याला, अरिहंतला, हे सांगितलं तर तो हसून म्हणाला, की आमटीत मीठ जरा जास्त झालं तरी तू ‘तोंडात घालवत नाही’ म्हणतेस. तिला राग आला, आणि पटलंही.

दुसऱ्या दिवसापासून तिनं प्रश्नच बदलला. किती दुखतंय, हे विचारायचं सोडलं. दुखण्यानं काय बंद पडलं, ते विचारू लागली. गुडघा ‘लय’ दुखणारा माणूस सकाळी द्राक्षबागेत औषध मारून आलेला असायचा; त्याला ‘व्हेरी’ पुरे. ज्याची झोप उडाली, त्याला ‘टेरिबली’. ‘अनबेअरेबली’ मात्र तिनं राखून ठेवलं. चार महिने तो शब्द तिच्या पेनातून उतरला नाही.

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी दुष्काळी माण तालुक्यातून लीलाबाई आली. मेंढपाळ बाई, साठीच्या घरातली. सोबत नवरा नाथाजी. दवाखाना खच्चून भरलेला.

“पोटात कळ येतीया जरा,” लीलाबाई म्हणाली. “घाई न्हाई. बाकीच्यांचं हूं द्या आदी.”

काय बंद पडलं, म्हणून चंदनबालेनं विचारलं. काही नाही, असं तिनं मानेनंच सांगितलं. तेव्हा मागं उभा असलेला नाथाजी हळूच म्हणाला, “बाई, दोन दिस मेंढरं म्या वळतोय. लगीन झाल्यापस्नं हिनं कळप कवा सोडला न्हाई. बाळंतपणातबी बाराव्या दिशी मागं चालत हुती.”

चंदनबालेनं मान वर करून नीट पाहिलं. कुणीतरी सरकून बाकावर जागा करून दिली होती, तरी लीलाबाई बसली नव्हती. कमरेत वाकून तिनं टेबलाची कड धरली होती, आणि सकाळच्या गारव्यात तिच्या वरच्या ओठावर घाम होता.

‘जरा’ लिहिलं असतं तर तिचा नंबर दुपारनंतर लागला असता. क्षणभर चंदनबालेचं पेन थांबलं. आपण काही डॉक्टर नाही. अंदाज चुकला तर या शब्दावर मॅडम पुन्हा विश्वास ठेवायच्या नाहीत. मग तिनं ठाम हातानं लिहिलं, की पेशंट ‘थोडं’ म्हणते, पण पोट ‘अनबेअरेबली’ दुखतंय. आणि केसपेपर शिपायाकडं न देता स्वतः आत घेऊन गेली.

मॅडमनी ओळ वाचली, एकदा तिच्याकडं पाहिलं आणि काही न विचारता उठल्या. पोट दाबून बघितलं, लगेच सोनोग्राफी झाली. अपेंडिक्स फुटलं होतं. दुपारच्या आत ऑपरेशन झालं. संध्याकाळपर्यंत थांबलो असतो तर अवघड होतं, असं मॅडम नंतर म्हणाल्या.

चौथ्या दिवशी चंदनबाला वॉर्डात गेली, तेव्हा लीलाबाई उशीला टेकून बसली होती.

“ताई, म्या तर जरा म्हनले हुते. तुमी काय लिवलंसा?”

“सोसवत नाही, असं लिहिलं, मावशी.”

“सोसत हुते की. पर आनखी किती सोसायचं, त्ये कळंना झालं हुतं.”

आता मॅडमच्या सांगण्यावरून दर शनिवारी चंदनबाला नव्या नर्सना तासभर हेच शिकवते, पेशंटला काय विचारायचं आणि कुठला शब्द लिहायचा. केसपेपरवाली बाई नर्सना काय शिकवणार, म्हणून थोरल्या सिस्टर कुरकुरल्या होत्या. दुसऱ्या शनिवारी त्याच वही घेऊन मागं येऊन बसल्या. परवा दीपाली नावाच्या नर्सनं भाजलेल्या हाताला ‘हॉरिबली’ लिहून आणलं आणि बरोबर आहे का म्हणून विचारलं. चंदनबालेनं ते खोडलं नाही.

“चल, ज्यांचा हात आहे त्यांनाच विचारू,” ती म्हणाली, आणि दोघी वॉर्डाकडं निघाल्या.