कोरडी माती

मी उमरीचा. इंजिनिअर रेजिमेंटमधून सुभेदार म्हणून रिटायर झालो. लोक बॉर्डरचं विचारतात. मला मात्र नायगावकडचं पाण्यात बुडालेलं एक गाव आठवतं.

त्या पावसाळ्यात पूरमदतीला आमचा कॉलम, म्हणजे जवानांची तुकडी, निघाली. मुलुख माझा, म्हणून दोन नंबरची बोट माझ्याकडं दिली. इंजिनवर लान्सनायक बसवराज, उदगीरकडचा शेतकऱ्याचा पोरगा. आम्ही त्याला बसू म्हणायचो. मेसची रोटी बघून तो रोज तोंड वाकडं करायचा आणि सगळ्यात जास्त तोच खायचा. त्यावरून लई चिडवायचो त्याला.

पाऊस बेफाम झाला, खरं हाय. पण सगळं खापर पावसावर फोडलेलं मला चालत न्हाई. गावच्या ओढ्यात मुरूम टाकून लोकांनी शेतं पुढं सरकवली होती. वर तारेचं कुंपण. पुलाच्या नळ्या कचऱ्यानं बुजलेल्या. पाण्यानं जावं कुठून? ते घरात शिरलं.

सकाळपासून फेऱ्या चालू होत्या. शेवटच्या फेरीला एक बाळंतीण, तिचं तान्हं लेकरू आणि सासू. ओढ्याच्या मधोमध इंजिन बंद पडलं. बुडालेल्या कुंपणाची तार पंख्यात गुंडाळली होती. बोट धारेला आडवी झाली, पाणी आत यायला लागलं.

वायरलेस सेटवर कॅप्टन साहेबांचा आवाज आला, "बोट टू, सिच्युएशन? ओव्हर."

"पंखा अडकलाय, सर. बोट उलटेल. ओव्हर."

लाइफ जॅकेट घालून बुडी मारता येत नाही. बसूनं ते काढून सासूच्या अंगावर टाकलं, कमरेला दोर बांधला आणि पक्कड घेऊन उतरला. तार तुटली. बोट सुटली. दोर मात्र खाली कुंपणात गुंतला. आम्ही हात सोलवटेपर्यंत ओढला, आला नाही. पाणी ओसरल्यावर त्याच कुंपणाला बसू सापडला.

बाळंतीण, लेकरू, सासू, तिघंही सुखरूप होती.

त्याला गावी मीच घेऊन गेलो. घर लिंगायत. त्यांच्यात माणसाला जाळत नाहीत, बसवून मातीत ठेवतात. त्यांच्याच शेतात खड्डा खणला होता, पण जमीन इतकी भिजलेली, की खालून पाणी झिरपत होतं. जवानांनी बादल्यांनी उपसलं. पुन्हा भरलं. स्वामी विभूती घेऊन उभे होते. कुणाला काही सुचेना.

त्याचे वडील माझ्याजवळ आले. हळूच म्हणाले, "साहेब, पाण्यानंच नेलं त्याला. परत पाण्यात नका ठिवू."

ते भोवती उभ्या गावानं ऐकलं. शेजारच्या बायका घराकडं वळल्या. ज्याच्या त्याच्या घरातली, ओसरीवरची, गोठ्याच्या कोपऱ्यातली, जिथं पाऊस पोचला नव्हता तिथली माती खणून पाट्या भरून यायला लागल्या. आमचे जवानही पाट्या उचलायला गेले. तळ हळूहळू वर आला, कोरडा झाला.

शेवटची पाटी त्याच्या आईची. बसू सुट्टीवर आला की त्याची खाट जिथं टाकायचे, तिथली जमीन तिनं उकरली होती. तिनं ती कुणाला ओतू दिली नाही. वाकून स्वतः पसरली, हातानं सारखी केली, मग बाजूला झाली.

सलामी द्यायच्या आधीच मी रडलो. बसूला आम्ही त्या मातीवर बसवलं.