कासारणीकडे लावलेले आकडे

माघ वद्य पंचमी. काम होतं वर्षाची तूरडाळ पाखडायचं.

सुपात सात खडे निघाले. दुसरी बाई खडे फेकून देते. मी ते ओळीनं मांडून मोजले, कारण आदल्या दिवशीही सातच निघाले होते, आणि लागोपाठ दोनदा आलेली गोष्ट उगीच येत नाही, असं त्या काळी माझं पक्कं शास्त्र होतं. आत माझी सहा वर्षांची धाकटी दोन दिवसांच्या तापानं पडली होती. ताप एकशे तीनच्या वर गेला तर लगेच निरोप पाठवा आणि गार पाण्याच्या पट्ट्या सुरू करा, असं डॉक्टर बजावून गेले होते. मी खडे मोजत होते.

हे शास्त्र कळायचं तर तेव्हाचं नांदुरा माहीत हवं. कापसाचं गाव. अमेरिकेतला कापसाचा भाव तारेनं यायचा आणि त्याचा शेवटचा आकडा कोणता निघेल, यावर अर्धं गाव पैसे लावायचं. पुरुष पानाच्या दुकानात लावत. आम्हा बायकांसाठी कासारीण होती. रोज दुपारी चारच्या सुमाराला ती टोपली घेऊन गल्लीत येई. ‘दोन हिरव्या दे’ म्हटलं की दोनाचा आकडा. ती हात दाबून बांगड्या चढवी, तेवढ्यात आपण तिच्या मुठीत आणा सरकवायचा. शून्य लावायचं तर सुया मागायच्या. आमच्या घरात सुयांची पाच पुडकी होती आणि शिवणारं कोणी नव्हतं.

माझे हात कोपरापर्यंत भरले होते. शेजारीण म्हणे, “मास्तरनं सोन्याच्या नाई केल्या म्हणून काचंच्या दुकानासारखी फिरतं काय व?”

आमचे हे शाळेत मास्तर. एकदा वर्गात जुगारावर तासभर बोलून त्यांचा घसा बसला. मी त्यांना हळदीचं दूध करून दिलं. दूध वर यायला किती अंक मोजावे लागले, त्यातला शेवटचा लक्षात ठेवला आणि दुसऱ्या दिवशी लावला.

मी जुगारी आहे, असं मला कधी वाटलं नाही. जुगारी म्हणजे दारू पिणारा, बायकोचे डाग विकणारा पुरुष. मी भाजीच्या पैशातून आणा बाजूला काढणारी नेटकी बाई. सोडायचं ठरवलं की सुटेल याची मला इतकी खात्री होती की मी ते अनेकदा ठरवलं. एकदा तर श्रावणभर सोडलं. तो श्रावण पहिल्या सोमवारीच संपला.

तर त्या दिवशी चार वाजायला आले तेव्हा मी धाकटीला थर्मामीटर लावलं. पारा एकशे तीनच्या पुढे दोन रेघांवर. एक रेघ दोन दशांशांची, म्हणजे रेघा दोन, पण किंमत चार. कोणत्याही आईनं इथे फडकं भिजवलं असतं. मला प्रश्न पडला, दोन लावावा की चार?

तेवढ्यात गल्लीत हाळी आली. मी थर्मामीटरसकट दारात गेले.

“दोन दे. थांब, चार.”

“आधी ठरव न बाई,” कासारीण म्हणाली. “मले अजून तीन घरं करायची आहेत.”

“रेघा दोनच आहेत, पण...”

“कशाच्या रेघा व?” तिचं लक्ष माझ्या हाताकडे गेलं. “पोरगी बिमार आहे काय तुही? मंग इथं काऊन उभी?”

आकडे घेणारीला कळलं ते मला कळलं नव्हतं. मी म्हणाले, “चारच दे.”

तिनं मान हलवत पहिली बांगडी चढवायला घेतली. ती माझ्या अंगठ्याच्या हाडाशी आली, तोच मागून माझी मोठी नणंद आली. लहानपणी विधवा झालेली, आमच्याकडेच राहणारी. सगळे तिला अक्का म्हणत.

“वैनी, पोरगी पाणी मागून मागून थकली,” ती म्हणाली. “तू काय करून राह्यली?”

मी आत पळाले. बांगडी वरही जाईना, खालीही येईना. तिच्यासकटच मी पट्ट्या पिळल्या. अक्कानं शेजारणीच्या पोराबरोबर डॉक्टरांकडे निरोप धाडला. ते औषध देऊन गेले. दिवेलागणीपर्यंत ताप एकशे एकावर आला आणि पोरगी झोपली.

मग मीच अक्काला सगळं सांगितलं. ती रागावेल म्हणून रडायची तयारीही ठेवली होती. तिनं विचारलं, “कितीक दिवस झाले?”

“दोन वर्षं.”

“मी तपकीर ओढत होती, तवा मीबी कमीच सांगे. खरं सांग.”

“चार.” आणि आकडा तोंडातून निघाल्याबरोबर मनात आलं, पुन्हा चार! उद्या हाच येणार. तेही मी तिला सांगून टाकलं.

अक्का तोंडाला पदर लावून हसली. “माय व! आता रोग ओयखू आला. मी तपकीर तीनदा देवाची शपथ घेऊन सोडली. सुटली नाई. तुह्या सासूले खरं सांगितलं, तवा सुटली. तलफ आली का माय मले जवळ बसवे अन् आपल्या डोक्यातल्या उवा काढाले लावे.”

“पण आता उवा कुठल्या?”

“तू चारले माह्यापाशी येऊन बसजो. लसूण सोलू. अन् भावाले तू सांगशीन, मी नाई.”

दुसऱ्या दिवशी सकाळी हे शाळेची टोपी झटकत असताना मी सांगितलं. त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. “अन् मले वाटे, तुले बांगड्यांची हौस आहे,” म्हणाले. मग बोलण्यासाठी त्यांनी घसा साफ केला. मी म्हटलं, तासभर बोलायचं असेल तर चार वाजता बोला, मला तेव्हाच गरज आहे.

ते गेल्यावर पोरीला अक्काच्या ओळखीच्या म्हातारीपाशी ठेवून आम्ही दोघी कासारणीच्या घरी गेलो. तिथे चार बायका बसल्या होत्या. त्यांच्यासमोरच मी म्हणाले, “मी आकडा लावत होते. आता माझ्या दाराशी थांबू नको.” बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. त्यांतल्या दोघींचे हात माझ्याइतकेच भरलेले होते.

कासारीण शांतपणे म्हणाली, “नको त नको. पोरगी बरी आहे न? मंग काल कोणता आला, ते तरी आयकून जाय.”

मी कानांत बोटं घातली आणि तशीच बाजारातून घरी आले. अक्का पुढे चालत लोकांना सांगत होती, “काही नाई, कान दुखून राह्यले तिचे.”